परदेशातील पहिल्या हिवाळ्यात मन रमत नाही : बडोद्याहून गेलेल्यांनी मार्गदर्शन करावे

रावपुऱ्याची लेक (प्रश्न)

नमस्कार. मी बडोद्याच्या रावपुऱ्यात वाढले, अभियांत्रिकीची पदवी तिथेच घेतली आणि ऑक्टोबरपासून जर्मनीत ड्रेस्डेन येथे पदव्युत्तर अभ्यासक्रम करते आहे. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि महाविद्यालयात हिंदी-इंग्रजी अशा वातावरणात वाढल्यामुळे कुठेही गेले तरी मी सहज मिसळून जाईन, असे मला आणि घरच्यांनाही वाटत होते. सुरुवातीचे दिवस खरोखरच तसे गेले. एल्बे नदीचा काठ, वेळेवर येणारी ट्राम, प्रयोगशाळेतील यंत्रसामग्री, सगळ्याचेच अप्रूप होते. नोव्हेंबर लागल्यापासून मात्र मन उदास आहे. खाण्याचे हाल नाहीत. डाळ, तांदूळ, पीठ, मसाले सारे इथे मिळते.

मी दोन जर्मन मुलींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहते. एका संध्याकाळी मी पोहे करून खोलीत गेले, तेव्हा त्यांच्यापैकी एकीने दार वाजवून सांगितले, की शेगडीमागच्या फरशांवर फोडणीचे तेल उडाले आहे, हळदीचा डाग नंतर निघत नाही, तेव्हा ते आत्ताच पुसून घे. आवाजात राग नव्हता, पण ‘जमलं तर’ किंवा ‘वाईट वाटून घेऊ नकोस’ असेही काही नव्हते. मी पुसले, पण रात्रभर अपमान झाल्यासारखे वाटत राहिले. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी स्वतः केलेल्या केकचा तुकडा माझ्यासाठी बशीत झाकून ठेवून गेली आणि मी आणखीच गोंधळले. वर्गातही तेच. मी चर्चासत्रात विषय मांडल्यावर प्राध्यापकांनी सर्वांसमोर माझ्या एका गृहीतकाला आधार नाही, असे सांगितले. इतर मुले त्यांच्याशी बरोबरीने वाद घालतात. मला ते जमत नाही. ओळखीच्या मुलीला चहाला बोलावले, तर ती आनंदाने हो म्हणते आणि मोबाइलमधील कॅलेंडर उघडून पुढच्या आठवड्यातला गुरुवार सुचवते. आमच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत, कोणी कोणाकडे जाताना वेळ ठरवून गेल्याचे मला आठवत नाही.

अभ्यासात मी मागे नाही. आईबाबांना फोनवर सगळे ठीक असल्याचेच सांगते. मला विचारायचे आहे ते असे, की हे किती दिवस चालते, हा फ्लॅट सोडून भारतीय विद्यार्थ्यांबरोबर राहायला जावे का, आणि घरी कितपत सांगावे?

मांजलपूरकर

मी जर्मनीतच पदव्युत्तर शिक्षण आणि काही वर्षे नोकरी करून आता बडोद्यास परत आलो आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

प्रथम त्या फरशांबद्दल. तिकडे एखाद्या वस्तूबद्दल किंवा कामाबद्दल केलेली तक्रार त्या वस्तूपुरती आणि त्या कामापुरतीच असते. डाग पुसला की विषय संपला, आणि तो खरोखरच संपला म्हणून दुसऱ्या दिवशी केक ठेवला गेला. आपल्याकडे सांगणारा माणूस आधी चार शब्द गोड बोलतो, आडून सुचवतो, किंवा तिसऱ्याकडून निरोप पाठवतो. त्यामुळे कोणी थेट बोलले की नाते तुटण्याची वेळ आली, असा अर्थ आपण आपोआप लावतो. तो अर्थ तिथे लागू पडत नाही. ही गोष्ट डोक्याला लवकर पटते, पण मनाला पटायला काही महिने लागतात, आणि त्या मधल्या काळात माणूस फार थकतो. दिवसभर प्रत्येक वाक्याचा अर्थ दोनदा लावावा लागतो, हेच त्या थकव्याचे कारण आहे. त्याला दुबळेपणा समजू नका.

प्राध्यापकांचेही तसेच. गृहीतकाला आधार नाही असे सांगणे म्हणजे तुमची मांडणी त्यांनी लक्ष देऊन ऐकली, असा त्याचा अर्थ घ्या. त्यांच्या भेटीच्या ठरावीक वेळा असतात. त्यांपैकी एखादी घेऊन ‘मी हे गृहीतक या कारणासाठी धरले होते, दुसरे कोणते धरता येईल?’ एवढे विचारा. वाद घालण्याचा सराव सर्वांसमोर करण्यापेक्षा तिथे, दोघांतच, सुरू करणे सोपे जाते. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी टाळ्या न वाजवता बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात, ते तुम्ही पाहिलेच असेल. तुमच्या मांडणीनंतर ती ठकठक झाली असेल, तर ती दाद होती.

आता नोव्हेंबरविषयी, कारण त्याकडे आपली मुले दुर्लक्ष करतात. बडोदे साधारण २२ अक्षांशावर आहे आणि ड्रेस्डेन ५१ वर. डिसेंबरमध्ये आपल्याकडे सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. तिथे तो जेमतेम आठ तासांचा असतो आणि दुपारी चारला अंधार पडतो. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, म्हणजे संध्याकाळ एका रात्रीत अलीकडे येते. आपल्या शरीराने असा उजेड कधी पाहिलेला नसतो. तेव्हा तुमच्या उदासीतला काही भाग संस्कृतीचा नसून सूर्याचा आहे. सकाळच्या तासिकेनंतर ग्रंथालयात जाण्याआधी अर्धा तास बाहेर चाला, ढगाळ असले तरी चाला. तिथले डॉक्टर हिवाळ्यात ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी पाहायला सुचवतात का, हेही विचारून घ्या. गोळ्या मनाने घेऊ नका.

कॅलेंडरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढच्या गुरुवारची वेळ देणारी मुलगी तुम्हाला टाळत नाही. तो गुरुवार ती पाळतेच. अशा समाजात अवचित भेटींची वाट पाहत बसलात तर एकटे राहाल. म्हणून आठवड्यातून एका ठरावीक दिवशी, ठरावीक ठिकाणी, त्याच त्या माणसांबरोबर असण्याची सोय करा. विद्यापीठांच्या क्रीडा विभागाचे वर्ग स्वस्त असतात, पण सत्राच्या आरंभी नोंदणी उघडताच भरतात. त्यामुळे एप्रिलच्या सत्रासाठी तारीख आत्ताच पाहून ठेवा. तोवर टँडमसाठी नाव द्या. त्यात तुम्ही एखाद्याला हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी शिकवता आणि तो तुम्हाला जर्मन. मैत्री तिथे अशी हळूहळू, एकत्र काहीतरी करता करता होते, आणि झाली की टिकते.

अलकापुरीची काकू

मी तुझ्या आईच्या वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. माझा मुलगा टोरांटोत शिकतो. पहिल्या हिवाळ्यात तोही रोज ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचा, आणि ते ऐकून मला आणि ह्यांना झोप लागत नसे, कारण आवाज वेगळेच सांगत होता. आम्ही रात्री जेवणाआधी फोन करायचो, तेव्हा तिकडे सकाळचे दहा वाजलेले असायचे आणि तो वर्गाच्या दारात उभा राहून घाईघाईने बोलायचा. नंतर आम्ही वेळ बदलून रविवारी सकाळी आठ ठरवली. तिकडे शनिवारची रात्र असते आणि त्याला कुठे जायचे नसते. त्यानंतर तो बोलू लागला.

तू आईला फरशी पुसल्याची गोष्ट सांग. सगळी रडगाणी सांगू नयेत हे खरे, पण एक खरी गोष्ट सांगितली की आईलाही तुझे घर डोळ्यांसमोर दिसते, त्या मुलींची नावे कळतात, आणि पुढच्या फोनला ‘जेवलीस का?’ याशिवाय काहीतरी विचारता येते. तुमच्या वेळेत आणि आपल्या वेळेत आता साडेचार तासांचे अंतर आहे, त्यामुळे तुम्हाला सोयीची वेळ सहज सापडेल. मात्र रोज तास-तासभर फोनवर राहू नकोस. माझ्या भाचीने तसे केले आणि तिचे पहिले वर्ष देहाने तिकडे, मनाने बडोद्याच्या दांडिया बाजारात गेले.

निवृत्त शिक्षिका, फतेहगंज

मी बरीच वर्षे मानसशास्त्र शिकवले. ‘हे किती दिवस चालते’ या प्रश्नाचे उत्तर मुलांना बहुधा एका आलेखाच्या रूपात दिले जाते आणि त्याने कधी कधी अपायच होतो, म्हणून लिहिते.

‘सांस्कृतिक धक्का’ ही कल्पना लोकांपर्यंत नेली ती मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी. १९५४ साली रिओ दि जानेरो येथे त्यांनी यावर व्याख्यान दिले आणि १९६० मध्ये ते लेखरूपाने छापले गेले. रोजच्या व्यवहारातील ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्यामुळे येणारी अस्वस्थता, असे त्यांचे म्हणणे होते: केव्हा हात मिळवायचा, केव्हा नाही म्हणायचे, कोणते बोलणे मनावर घ्यायचे आणि कोणते नाही. आपण लिहिलेल्या तिन्ही घटना नेमक्या याच जातीच्या आहेत. त्यांनी सांगितलेल्या लक्षणांमध्ये तिथली भाषा शिकण्याची टाळाटाळ आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या आपल्या देशबांधवांवर विसंबून राहण्याची ओढ यांचाही समावेश आहे; फ्लॅट बदलण्याचा निर्णय घेताना एवढे ध्यानात असावे.

१९५५ मध्ये स्व्हेरे लिसगोर यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तिधारकांचा अभ्यास मांडला. सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून अधिक राहिलेले लोक अधिक रुळलेले आढळले, मधल्या मुदतीचे कमी. त्यातून आधी आनंद, मग घसरण, मग सावरणे असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख रूढ झाला. पुढे कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांना वेळोवेळी प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा सर्वाधिक त्रास अगदी आरंभीच असल्याचे १९९८ मध्ये त्यांनी नोंदवले. म्हणजे सर्वांना लागू पडणारे वेळापत्रक नाही. ‘फेब्रुवारी आला तरी मी सावरले नाही, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे’ असा हिशेब आपण करू नये.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. झोप सतत बिघडणे, आवडत्या कामातही मन न लागणे, खोलीबाहेर पडणेच नकोसे होणे, असे सलग दोन आठवडे राहिले, तर ते संस्कृतीच्या खात्यावर न टाकता तज्ज्ञाला भेटावे. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठगावांत विद्यार्थिकल्याणाचे काम पाहणारी श्टुडेंटनवेर्क ही संस्था असते आणि तिच्याकडे समुपदेशनाची सोय असते. पुष्कळ ठिकाणी ते इंग्रजीतूनही मिळते. तिथे जाण्यासाठी आजारी असावे लागत नाही.

आखनवासी

मी सध्या जर्मनीतल्याच आखनमध्ये शिकतो, मूळचा बडोद्याच्या कारेलीबागचा. वरील मतांशी एका बाबतीत सहमत नाही. भारतीय मुलांबरोबर राहणे म्हणजे माघार घेणे नव्हे. दिवसभर परक्या भाषेत वावरल्यावर संध्याकाळी मराठी-गुजरातीत बोलता आले, तर दुसऱ्या दिवशी बाहेर जाण्याचे बळ येते. माझ्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघे गुजरातचेच आहोत आणि मी मात्र प्रत्येक गटप्रकल्प मुद्दाम जर्मन मुलांबरोबर करतो. तुम्ही राहता त्या मुली चांगल्या दिसतात, तेव्हा तुमच्या बाबतीत घाई नको असे मलाही वाटते. पण जे भारतीयांबरोबर राहतात त्यांना कमी लेखू नये.

रावपुऱ्याची लेक

आपणा सर्वांची आभारी आहे. दोघी मैत्रिणींशी फरशीच्या प्रसंगाबद्दल मी काल मोकळेपणाने बोलले. जिने दार वाजवले होते तिला तो प्रसंग आठवतही नव्हता. आठवण करून दिल्यावर तिने विचारले, की मग तुला काही सांगायचे असेल तर मी कसे ओळखायचे? याचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत. फ्लॅट तूर्त सोडत नाही. काकूंनी सांगितल्याप्रमाणे आईला गोष्ट सांगितली. तिने आधी हळदीच्या डागावर उपाय सांगितला आणि मग बराच वेळ बोलली. बाईंना एक विचारते: दोन वर्षांनी परत आल्यावर बडोदेही असेच परके वाटेल का?

निवृत्त शिक्षिका, फतेहगंज

काही काळ वाटू शकते. १९६३ मध्ये गलहॉर्न या संशोधक दांपत्याने परतणाऱ्यांचा विचार करून त्या आलेखाला दुसरी घसरण जोडली. मात्र परतल्यावर जे खटकते ते सारे केवळ ‘जुळवून घेण्याचा’ प्रश्न नसते, हे आपल्या शहराला तरी विसरता येणार नाही. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते, तिथूनही त्यांना बाहेर काढले गेले. ते अस्वस्थ झाले तो दोष शहराचा होता. तेव्हा परत आल्यावर इथले काही खटकले, तर ते ताबडतोब गिळून टाकू नका. आधी तपासून पाहा, की ती केवळ सवय मोडल्याची कुरकुर आहे, की इथे खरोखरच काही चुकते आहे.

मांजलपूरकर

एक तातडीची गोष्ट राहिली. तिथे बहुतेक अभ्यासक्रमांत वर्गाला नाव घातले म्हणजे परीक्षेला नाव घातले असे होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि मुदत चुकली तर त्या सत्रात बसता येत नाही. आपल्याकडे महाविद्यालय फलकावर सूचना लावते, वर्गात आठवण करून देते. तिथे ती जबाबदारी पूर्णपणे विद्यार्थ्याची समजली जाते. गुणही उलट असतात: १.० सर्वोत्तम, ४.० उत्तीर्ण. उत्तरायणाला बडोद्यातून पतंगांची छायाचित्रे येतील तेव्हा तुमची परीक्षा तोंडावर असेल, म्हणून या आठवड्यातच विभागाच्या संकेतस्थळावर मुदत पाहा आणि त्या दोघींनाही विचारून खात्री करून घ्या.