टीएलडी आणि माला-एन चालू, आता टीबीची औषधं: गर्भनिरोधनाचं काय करायचं?

प्रश्न: समुपदेशक_सिन्नर
नमस्कार मंडळी. एका ताईंचं टीएलडी (एचआयव्हीची तीन औषधांची एकत्र गोळी) नाशिक सिव्हिलच्या एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) सेंटरमधून चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे. दोन मुलं आहेत, आता मूल नको आणि ऑपरेशनही नको, म्हणून माला-एन ही पाळणा लांबवायची हार्मोनची गोळी घेतात. मागच्या आठवड्यात फुफ्फुसाचा टीबी निघाला आणि सहा महिन्यांची औषधं लागली. शेजारणीने सांगितलंय की "एचआयव्हीच्या गोळ्यांनी पाळणा लांबवायची गोळी लागू पडत नाही", त्यामुळे त्या एआरटीच सोडायला निघाल्यात. टीएलडी आणि माला-एन खरंच चालत नाहीत का? कॉपर-टी बसवून टाकायला सांगू का? अंबडला शिफ्टमध्ये काम आहे, तेही धरून सांगा.

उत्तर: फार्मासिस्ट_पंचवटी
एआरटी एक दिवसही सोडू देऊ नका, हे आजच फोन करून सांगा. दोष टीएलडीचा नाहीच.

टीएलडीतले टेनोफोविर आणि लॅमिवुडिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे जातात. तिसरं औषध डोलुटेग्राविर, ते यकृतातली हार्मोन मोडणारी एन्झाइम वाढवत नाही. म्हणून माला-एनमधलं ०.१५ मिग्रॅ लेवोनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिग्रॅ इथिनाइल इस्ट्राडिऑल आपलं काम नीट करतात. शेजारणीचं म्हणणं एचआयव्हीच्या जुन्या टीएलई गोळीच्या काळातलं आहे. तिच्यातलं इफाविरेंझ सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढवतं आणि शरीर हार्मोन लवकर संपवून टाकतं. दंडात बसवायच्या लेवोनॉरजेस्ट्रेल इम्प्लांटचं रक्तातलं प्रमाण इफाविरेंझमुळे जवळपास निम्म्यावर येतं.

आता खरी अडचण टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिनची. ते इफाविरेंझपेक्षाही जोरात एन्झाइम वाढवतं. त्यामुळे माला-एनवर विसंबून चालणार नाही, आणि डोलुटेग्राविरही कमी पडतं. म्हणून नेहमीच्या टीएलडीनंतर १२ तासांनी डोलुटेग्राविर ५० मिग्रॅची एक जादा गोळी लागते. ती सुरू झालीय का, हे आधी विचारा. टीबीची औषधं एकीकडून आणि एआरटी दुसरीकडून घेतल्यावर नेमकी हीच गोळी राहून जाते.

उत्तर: सिस्टर_देवळाली
मग सरळ कॉपर-टी. ३८०ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. हार्मोनच नाही, त्यामुळे रिफाम्पिसिनचा प्रश्नच येत नाही.

उत्तर: डॉ_गंगापूररोड
सिस्टर, औषधांच्या हिशेबाने तुमचं बरोबर आहे. पण एचआयव्ही असताना फुफ्फुसाचा टीबी झाला की एचआयव्हीचा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिसऱ्या टप्प्यात धरतात, आणि त्या टप्प्यात नवी कॉपर-टी सहसा बसवत नाहीत. तब्येत सावरली की बसवता येते. आधीपासून बसवलेली असती तर काढायची गरज नव्हती. ओटीपोटाचा किंवा गर्भाशयाचा टीबी असेल तर नवी अजिबात बसवू नये. पाळीच्या तक्रारी, ओटीपोटात दुखणं असं काही आहे का, तेवढं विचारून घ्या.

या ताईंसाठी आत्ता सगळ्यांत सोयीचं अंतरा, म्हणजे डीएमपीए या हार्मोनचं १५० मिग्रॅचं गर्भनिरोधक इंजेक्शन. त्याच्या डोसमध्ये एवढा ऐवज असतो की रिफाम्पिसिन चालू असतानाही ते पुरतं. दर तीन महिन्यांनी, ठरलेल्या तारखेलाच. अंतर कमी करायची गरज नाही. तारीख चुकली तर चार आठवड्यांपर्यंत देता येतं, पण रिफाम्पिसिन चालू असताना ही सवलत वापरायची वेळ येऊ देऊ नका. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायचीही नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं.

क्रम असा: आजपासून निरोध. माला-एन मध्येच सोडायची नाही, इंजेक्शन मिळेपर्यंत चालू ठेवायची. इंजेक्शनआधी गरोदरपणाची चाचणी, आणि टीबीची गोळी लागल्यापासून निरोधाशिवाय संबंध आला असेल तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी. इंजेक्शननंतर सात दिवस निरोध हवाच. पुढेही निरोध ठेवलेला बरा, इतर गुप्तरोगांपासून अंतरा वाचवत नाही.

पाळी अनियमित होईल, काहींची बंदच होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई दुसऱ्या इंजेक्शनला येत नाही. पुढे कधी मूल हवं झालं तर शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही सांगा.

समुपदेशक_सिन्नर
जादा गोळी सुरू झालेली नाही! उद्याच सेंटरला पाठवते. टीबीच्या गोळ्यांनी जळजळ होते म्हणून त्या अँटासिड घेतात, शिवाय लोहाची गोळीही आहे. चालेल?

उत्तर: फार्मासिस्ट_पंचवटी
बरं झालं विचारलंत. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड डोलुटेग्राविरला धरून ठेवतं आणि गोळी अंगी लागत नाही. डोलुटेग्राविर अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायला हवं. दिवसाला दोन डोस असल्यावर मोकळी वेळ फार थोडी उरते. सकाळी ९ आणि रात्री ९ धरलं तर अँटासिड फक्त ११ ते ३ या वेळात. रोजच लागत असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरा उपाय बघा.

लोह आणि कॅल्शियमचं सोपं आहे: जेवणासोबत डोलुटेग्राविर आणि ती गोळी एकत्र चालते, उपाशीपोटी मात्र नाही. माला-एनच्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्यासुद्धा लोहाच्याच असतात (६० मिग्रॅ फेरस फ्युमरेट), हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

शिफ्ट बदलली म्हणून गोळीची वेळ बदलायची नाही. कामावर असताना येणारा डोस लेबल नसलेल्या छोट्या डबीत, डब्याच्या पिशवीत ठेवायला सांगा.

उत्तर: डॉ_गंगापूररोड
टीबीचा कोर्स संपल्यावरच्या दोन मुदती कार्डावरच लिहून द्या, लोक त्यांची गल्लत करतात. जादा डोलुटेग्राविर शेवटच्या रिफाम्पिसिननंतर दोन आठवडे चालू. माला-एनवर परत जायचं असेल तर चार आठवडे थांबायचं, कारण वाढलेलं एन्झाइम लगेच ओसरत नाही.

आणि मधल्या काळात निरोध फाटला तर, अंतरा अजून घेतलेलं नसेल किंवा त्याची मुदत टळली असेल, तर संबंधानंतर घ्यायच्या ७२ तासांच्या गोळीचा नेहमीचा १.५ मिग्रॅचा डोस पुरणार नाही. रिफाम्पिसिन किंवा इफाविरेंझ चालू असताना १.५ मिग्रॅच्या दोन गोळ्या एकदमच घ्यायच्या, जितक्या लवकर तितकं चांगलं. मेडिकलवाला एकच देईल, त्यामुळे हे डॉक्टरकडून लिहूनच घ्या.