लहान कॉलेज म्हणजे कमी शिक्षण नव्हे

लहान आंतरराष्ट्रीय कॉलेजात विषय कमी, ओळखी त्याहून कमी, म्हणून मोठं विद्यापीठच बरं, हे मत मला पटत नाही. मी अशाच एका कॉलेजात शिकलो. वर्गात पंधरा जण, नऊ देशांचे. वाचून न आलेल्याला लपायला जागाच नसायची. स्थलांतरावरच्या एका तासाला मी सीमेची पुस्तकी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या आजीचं घर एका बाजूला राहिलं आणि शेत दुसऱ्या." त्या रात्री मी अख्खा निबंध नव्याने लिहायला घेतला.

विषय कमी असतात, हे मान्य. पण अमेरिकेतलं कॉलेज ऑफ द अटलांटिक पाहा: स्थापना १९६९ ची, विद्यार्थी साधारण साडेतीनशे आणि पदवी एकच, ह्युमन इकॉलॉजी, म्हणजे माणूस आणि त्याचं पर्यावरण यांच्या नात्याचा अभ्यास. त्याच पदवीत कुणी देवमाशांचा अभ्यास करतं, कुणी शेतीचा. नेदरलँड्समधलं युनिव्हर्सिटी कॉलेज उट्रेख्त १९९८ पासून चालू आहे आणि ते मोठ्या विद्यापीठाचाच भाग आहे, म्हणजे हाही एक मधला मार्ग झाला.

प्रवेशाआधी पदवीची मान्यता तपासाच. आणि तुमच्या विषयाला प्राध्यापक किती, हे आवर्जून विचारा. आमच्याकडे एकच होते. ते वर्षभर रजेवर गेले आणि माझ्या प्रबंधाला मार्गदर्शकच उरला नाही. शेवटी इतिहासाच्या बाईंनी मला सांभाळून घेतलं, दर गुरुवारी तासभर, ओळ न् ओळ वाचून.