नांत शहर ब्रिटनीचे की नाही?

प्रश्न: फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनीच्या ड्यूकांचा (जुन्या राज्यकर्त्यांचा) किल्ला नांत शहरात आहे, तरीही आजच्या ब्रिटनी विभागाच्या नकाशात नांत नाही, हे कसे घडले?

उत्तर: ब्रिटनीची राज्यकर्ती डचेस ॲन हिने फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्याशी आणि त्याच्या मृत्यूनंतर बाराव्या लुईशी विवाह केला, पुढे १५३२ मध्ये डची (ड्यूकांचे राज्य) फ्रान्समध्ये विलीन झाली आणि १७९० मध्ये फ्रेंच क्रांतिकारकांनी या प्रांताचे पाच जिल्हे पाडले. त्यांतला नांतचा जिल्हा विसाव्या शतकात शेजारच्या विभागाला जोडला गेला. माझ्या मते हा इतिहासावर अन्यायच आहे.

उत्तर: भाषेकडेही पाहावे. पश्चिमेकडे समुद्रापलीकडून आलेल्या ब्रिटनांची केल्टिक कुळातली ब्रेतॉन भाषा रुजली, तर पूर्वेकडे लॅटिनोद्भव गालो भाषा. प्लूगास्तेल या पश्चिमेकडील गावाच्या नावातला ब्रेतॉन शब्द ‘प्लू’ म्हणजे चर्चचा परगणा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आता पश्चिमेकडील गावांची नावे नकाशावर पुन्हा वाचतो.