अमेरिकेत काँग्रेसने निधी अडवला, तरी विमा कंपन्यांना पैसे कसे मिळाले?

तळटीप: ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्याच्या कलम १३४२ प्रमाणे २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत तोट्यातल्या विमा कंपन्यांना सरकार भरपाई देणार होतं (रिस्क कॉरिडॉर). डिसेंबर २०१४ मध्ये काँग्रेसने खर्चाच्या विधेयकात रायडर (जोडअट) घातला: सीएमएसने, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या सरकारी आरोग्य संस्थेने, स्वतःच्या इतर निधीतून यासाठी दमडी द्यायची नाही. तरी कंपन्या कोर्टात जाऊन जिंकल्या. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, मग कोर्ट मध्ये कुठून आलं?

खतावणी: आधी आकडे बघा. प्रीमियममधून प्रशासकीय खर्च वजा केला की टार्गेट, म्हणजे क्लेमसाठी धरलेली रक्कम. समजा टार्गेट १०० कोटी आणि क्लेम ११० कोटी. पहिले ३ कोटी कंपनीच्या अंगावर. पुढच्या ५ चे निम्मे, म्हणजे २.५, सरकारचे, वरच्या २ चे ८० टक्के, म्हणजे १.६. भरपाई ४.१ कोटी. नफेवाल्यांकडून याच पट्ट्यांनी वसुली. २०१४ साठी मागणी २८७ कोटी डॉलर आणि वसुली ३६.२ कोटी. रायडरमुळे वसुलीएवढेच वाटता आले, म्हणून हातात पडले १२.६ टक्के. तीन वर्षांची थकबाकी १,२०० कोटी डॉलरच्या वर गेली.

कलमकसाई: रायडरने सीएमएसचा खिसा शिवला, देणं रद्द केलं नाही. सरकार पैसे 'देईल' हे कलमातलं वाक्य तसंच राहिलं. सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिल २०२० ला ८ विरुद्ध १ मतांनी नेमकं हेच धरलं. पैसे निघतात ट्रेझरीच्या जजमेंट फंडातून, म्हणजे सरकारविरुद्धचे कोर्टाचे निकाल भागवायच्या निधीतून. १९५६ पासूनची ही कायमची तरतूद, दरवर्षी मंजुरी लागत नाही.

तळटीप: मग तो फंडच अडवायचा!

कलमकसाई: तसे प्रस्ताव २०१६ मध्ये आलेच होते. फंडाची अट अशी की निकाल अंतिम हवा आणि त्या देण्यासाठी दुसरी तरतूद नको. गंमत म्हणजे रायडरने दुसरी वाट बंद केली आणि ही अट आपसूक पुरी झाली. फंड अडवला तरी निकाल उभाच राहतो. फक्त काँग्रेसने वेगळी रक्कम मंजूर करेपर्यंत कंपनी निकालाचा कागद घेऊन बसते. देणंच नको असेल तर कलम १३४२ बदलायला हवं होतं, तेही कंपन्यांनी दर ठरवून पॉलिसी विकण्याआधी.

खतावणी: मात्र सीएसआरच्या (कमी उत्पन्नाच्या ग्राहकांना उपचारखर्चात सूट दिल्याबद्दल सरकारने कंपन्यांना द्यायचे पैसे) दाव्यांना हा निकाल जसाच्या तसा लावू नका. ते पैसे ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबले, तेव्हा कंपन्यांनी ही सूट ज्यांवर मिळते ते सिल्व्हर (मधल्या दर्जाचे) प्लॅन महाग केले आणि त्यावर जादा टॅक्स क्रेडिट, म्हणजे प्रीमियमसाठीचं सरकारी अनुदान, मिळवलं. ऑगस्ट २०२० मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टाने सरकारचं देणं मान्य केलं, पण २०१८ पासूनच्या रकमेतून ते जादा क्रेडिट वजा करायला सांगितलं.