मदत हवी आहे: परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांची घालमेल वाढते, मदतनीसांनी नेमकं काय करायचं?

किनारा
नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या वसतिगृहात वरच्या वर्गातले विद्यार्थी धाकट्यांचे मदतनीस म्हणून काम करतात. त्यांच्यासाठी काळजी आणि चिंता या विषयावर २ तासांचं सत्र आखायचं आहे. समुपदेशकांची वेळ मिळेपर्यंत मुलं या मदतनीसांकडेच येतात आणि अशा मुलांची संख्या वाढते आहे. सकारात्मक राहा, मोबाइल कमी वापरा हे सल्ले सगळ्यांना पाठ आहेत, त्यांनी काही होत नाही. म्हणून नेमकं विचारते:

१. परीक्षेची नेहमीची धाकधूक कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?
२. 'होईल सगळं नीट' असं कितीदा सांगितलं तरी तोच मुलगा तासाभराने तोच प्रश्न घेऊन परत येतो. असं का होतं, आणि मग बोलायचं तरी काय?
३. पॅनिक अटॅक आला तर पहिली १० मिनिटं काय करायचं?
४. प्रेझेंटेशन, व्हायवा टाळत राहणाऱ्यांचं काय?

मदतनीस म्हणजे डॉक्टर नव्हेत, हे धरूनच सांगा.

निरंजनी
पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते. मदतनीसाने निदान करायचं नाही, फक्त चाळणी लावायची. त्यासाठी जीएडी-७ ही चिंता मोजणारी प्रश्नावली पुरते. २००६ साली प्रसिद्ध झाली, मोफत वापरता येते, पाचेक मिनिटांत भरून होते. प्रश्न ७. गेल्या २ आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, एवढंच त्यात विचारलेलं आहे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २१. बेरीज ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० किंवा जास्त आले की समुपदेशकाकडे पाठवायचं.

चूक होते ती वेळेची. ऐन परीक्षेच्या आठवड्यात भरून घेतली की गुण फुगतात. परीक्षा संपल्यावर २-३ आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या. नुसती परीक्षेची धाकधूक असेल तर आकडा उतरतो. परीक्षा सरली तरी काळजी सरत नाही, ती निकालावर, तिथून घरच्यांच्या तब्येतीवर, तिथून नोकरीवर उडी मारते, असं असेल तर मामला वेगळा. 'सर्वसाधारण चिंताविकार' म्हणायला डॉक्टर किमान ६ महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी पाहतात. जोडीला अस्वस्थता, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, अंग आखडणं, झोपेची तक्रार यांतलं काही ना काही असतं.

माझ्या मते आकड्याहून एक प्रश्न जास्त सांगून जातो: 'या काळजीपायी तुझं काय काय करायचं बंद झालंय?' वर्गात जाणं, मेसमध्ये सगळ्यांबरोबर जेवणं, घरचा फोन घेणं. दोन-तीन गोष्टी बंद झाल्या असतील तर आकडा ८ आला तरी पाठवा.

आणि हो, सतत धडधड, हाताला कंप, वजन उतरणं असं एकत्र दिसलं तर आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी. अंगातल्या कारणाला मनाचं नाव द्यायला नको.

उंबरठा
दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर सविस्तर लिहितो.

काळजीने जीव घाबरला की माणूस तो चटकन शांत करणारी गोष्ट करतो. कुणाला तरी विचारतो, पुन्हा तपासतो, किंवा ते काम उद्यावर टाकतो. त्या क्षणी खरंच बरं वाटतं, आणि गोम तिथेच आहे. मेंदू एवढंच शिकतो की 'विचारलं म्हणून वाचलो'. न विचारता काय झालं असतं हे कळायची संधीच मिळत नाही. पुढच्या वेळी शंका आणखी लवकर येते आणि धीराचा डोस वाढवावा लागतो. मदतनीस जितका प्रेमळ तितका तो या चक्रात लवकर अडकतो.

म्हणून धीर देणं एकदाच, तेही माहितीच्या रूपात. दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला की उत्तर द्यायचं नाही, भावनेला जागा द्यायची आणि चेंडू त्याच्याकडे परत द्यायचा. समजा रात्री साडेदहाला मुलगा येतो:

'दादा, असाइनमेंट पोर्टलवर नीट गेली असेल ना?'
'पावती आली होती ना? आपण मघाशी बघितली.'
'हो, पण फाइल उघडली नाही तर?'
'ही शंका सतावतेय हे दिसतंय मला. आता मी पुन्हा हो म्हणालो तर किती वेळ बरं वाटेल?'
'दहा मिनिटं.'
'मग यावेळी पोर्टल न उघडता ११ पर्यंत थांबून बघू. मी इथेच आहे. अकराला घाबरणं किती उरलं ते ० ते १० मध्ये सांग.'

इथे तीन गोष्टी झाल्या. त्याला झिडकारलं नाही, एकटं सोडलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. बहुतेकदा आकडा आपोआप खाली येतो. समजा आला नाही, तरी तो अर्धा तास न तपासता राहिला, हीच कमाई. हे सुरू करण्याआधी विद्यार्थ्याला आपण असं का करणार आहोत ते सांगून त्याची संमती घ्या. न सांगता उत्तरं बंद केलीत तर त्याला वाटेल, हाही आपल्याला कंटाळला.

अभ्यासातही धीर मागण्याचा एक छुपा प्रकार असतो: तेच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचणं. ओळी ओळखीच्या वाटतात, जिवाला बरं वाटतं, पण परीक्षेच्या हॉलमध्ये आठवत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं. ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले. तेव्हा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायला लावा. सुरुवातीला घाबरायला होतं, कारण काय येत नाही ते उघडं पडतं. ते हॉलमध्ये उघडं पडण्यापेक्षा खोलीत पडलेलं बरं.

वाराविहीर
पॅनिक अटॅकबद्दल. छातीत धडधड, हातपाय गार, बोटांना मुंग्या, गरगरणं, 'आता मी मरणार' अशी खात्री. हे काही मिनिटांत, साधारण १० मिनिटांच्या आत, शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं. मुंग्या आणि गरगर बरेचदा गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्याने येतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा तो परिणाम.

म्हणूनच 'खोल श्वास घे' हा सल्ला उलटतो. घाबरलेला माणूस मोठमोठे श्वास ओढतो आणि गरगर वाढते. श्वास मोठा नको, संथ हवा. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास. भर बाहेर सोडण्यावर. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते घातक ठरू शकतं.

मदतनीसाने शेजारी बसायचं, समोर उभं राहायचं नाही. भोवतीची गर्दी हटवायची. छोटी वाक्यं: 'याला पॅनिक म्हणतात. वर चढतंय, थोड्या वेळाने उतरेल. मी इथे आहे.' पाय जमिनीला टेकवायला सांगा. प्रश्नांची सरबत्ती नको.

हॉलमध्ये असेल तर पेन खाली ठेवायचं, दोन्ही तळवे बाकावर, श्वासाच्या ५ फेऱ्या, मग सगळ्यात सोप्या प्रश्नाची पहिली ओळ लिहायची. उठून बाहेर जायचं नाही असं नाही, पण जमलं तर पर्यवेक्षकांना सांगून दोन मिनिटांत परत येण्याच्या बोलीवर जा. घाबरणं शिगेला असताना हॉल कायमचा सोडला, तर पुढच्या पेपरला हॉलचं दारच अंगावर येतं.

अपवाद लक्षात ठेवा: पहिल्यांदाच होतंय, छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जातेय, शुद्ध हरपली, दम्याचा रुग्ण आहे, तर पॅनिक समजून बसू नका. सरळ वैद्यकीय मदत बोलवा.

किनारा
उंबरठा, तो संवाद सत्रात जसाच्या तसा वापरते. वाराविहीर, एक शंका. काही मुलं श्वास मोजण्यातच अडकतात, 'मोजायला चुकलो तर अटॅक येईल' म्हणतात. मग काय करायचं?

काजळरेघ
मग मोजणं थांबवायचं. श्वास हाही पाण्याच्या बाटलीसारखा, दाराजवळच्या बाकासारखा ताईत होऊन बसतो, त्याच्याशिवाय निभावणार नाही असं वाटू लागतं. अशा मुलाला उलट सांगावं लागतं, धडधड होऊ दे, तिच्यासकट लिहीत राहा. चौथ्या प्रश्नाचं उत्तरही याच अंगाने जातं.

टाळणाऱ्याला एकदम व्यासपीठावर ढकलायचं नाही, पण सूटही द्यायची नाही. शिडी बांधायची. प्रत्येक पायरीला भीतीचा अंदाज ० ते १०० मध्ये विद्यार्थ्यानेच द्यायचा. प्रेझेंटेशनची एक नमुना शिडी:

खोलीत एकटं, ३ मिनिटं बोलून रेकॉर्ड करणं: २५
एका मित्रासमोर कागद बघून: ३५
त्याच मित्रासमोर कागदाविना: ४५
रिकाम्या वर्गात फळ्यापाशी उभं राहून, मागच्या बाकावर दोघं: ५५
तासाला हात वर करून एक प्रश्न विचारणं: ६५
चौघांसमोर पूर्ण १० मिनिटं, शेवटी त्यांचे प्रश्न: ८०

सुरुवात ३०-४० च्या आसपास, आठवड्यात ३-४ वेळा. प्रत्येक वेळी आधी एका ओळीत भाकीत लिहायचं: 'आवाज थरथरेल आणि ते हसतील.' नंतर प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. आवाज थरथरला, कुणी हसलं नाही. भीती शून्यावर आली का हे बघत बसू नका, भाकीत खरं ठरलं का ते बघा. पायरी मोठी वाटली तर मध्ये एक छोटी घाला, खाली मात्र उतरू नका. आठवड्यातून एकदाच सराव केला तर फारसं काही होत नाही, दोन सरावांच्या मध्ये भीती पुन्हा साठते.

निरंजनी
रात्री अंथरुणात डोक्याला भुंगा लागणाऱ्यांसाठी काळजीचा तास उपयोगी पडतो. मानसशास्त्रज्ञ बॉर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी ३० मिनिटं फक्त काळजी करायची. दिवसा विचार आला की दोन शब्द टिपायचे आणि तेव्हापर्यंत पुढे ढकलायचे. जागा पलंग नको, वेळ झोपेच्या तोंडावर नको.

त्या अर्ध्या तासात पानाचे दोन भाग करायचे. 'व्हायवात व्याख्या आठवल्या नाहीत तर' ही डावीकडे, कारण तिच्यावर पाऊल उचलता येतं. तिच्यापुढे पाऊल लिहायचं: तिसऱ्या प्रकरणाच्या ५ व्याख्या उद्या ९ वाजता न बघता लिहिणे. 'नापास झालो तर सगळं संपेल' ही उजवीकडे, तिच्यापुढे काही लिहायचं नाही. वेळ झाली की वही बंद. पहिल्या आठवड्यात विचार पुढे ढकलणं जमत नाही म्हणून मुलं सोडून देतात. किमान २ आठवडे द्यायला सांगा.

औषधवेल
सत्रात १० मिनिटं गोळ्यांसाठी ठेवाच, कारण वसतिगृहात गोळ्या हातोहात फिरतात. धडधड थांबवायला मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्याला धोक्याची. झोपेसाठी किंवा शांत वाटावं म्हणून घेतलेली अल्प्राझोलामसारखी गोळी नव्या गोष्टी लक्षात राहू देत नाही, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री नेमकं नको तेच. शिवाय सवय लागते, आणि दारूबरोबर श्वास मंदावतो. डॉक्टरांनी एसएसआरआय गटातलं (चिंता आणि नैराश्यावरचं) औषध दिलं असेल तर गुण दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते. पंचविशीच्या आतल्यांवर या काळात विशेष लक्ष हवं, टोकाचे विचार वाढले तर डॉक्टरांना लगेच कळवा. गोळी मनाने एकदम बंद करायची नाही.

कॅफीन: शरीरातलं निम्मं जायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी सहाची कडक कॉफी रात्री अकराला अर्धी अंगात असते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलीग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात, पण चिंतेच्या रुग्णाची धडधड त्याहून कमीवर सुरू होते. दुपारनंतर बंद करा, पण रोज ४-५ कप पिणाऱ्याने एका दिवसात सोडू नये, डोकं दुखतं. आठवडाभरात उतरवत आणा. झोप न आल्यास २० मिनिटांनी उठून मंद उजेडात बसावं, आणि उठायची वेळ मात्र रोज तीच.

किनारा
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं. 'जगायचंच नाही' असं कुणी म्हणालं तर मदतनीस गडबडतात. थेट विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घातला जाईल, अशी भीती वाटते.

उंबरठा
विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. थेट, साध्या शब्दांत विचारायचं: 'जीव द्यावासा वाटतो का?' हो म्हणाला तर पुढे: 'कसं करायचं ठरवलंयस का? ते साधन जवळ आहे का?' बेत आणि साधन दोन्ही असतील तर क्षणभरही एकटं सोडायचं नाही. साधन खोलीतून हलवायचं. एकाने शेजारी बसायचं, दुसऱ्याने वॉर्डन आणि आपत्कालीन सेवेला फोन करायचा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही द्यायचं नाही. मागितलं तर सांगा, 'तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी सांगणार, आणि कुणाला सांगतोय ते तुला आधी कळेल.'

ही वाक्यं सत्रात दोघादोघांच्या जोड्या करून प्रत्येकाला मोठ्याने ३ वेळा म्हणायला लावा. वाचून ती तोंडात बसत नाहीत, आणि वेळ येते तेव्हा तोंडालाच कोरड पडते. कुणाला फोन करायचा ते नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये सत्र संपायच्या आत सेव्ह करून घ्या.