मदत हवी आहे: सीओपीडी, पल्मनरी रिहॅब आणि जिन्यावर घटणारा ऑक्सिजन

ऐरोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा ६८ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार), एफईव्ही-वन (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ४२ टक्के. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक, सिगारेट बंद. इनहेलर स्पेसरमधून (त्याला जोडायच्या पोकळ नळीतून) घेतात, पद्धत डॉक्टरांनी तपासली आहे. बसून रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के.

डॉक्टरांनी ८ आठवड्यांचं पल्मनरी रिहॅब (फुप्फुसांच्या रुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम) सांगितलंय. फुप्फुसं त्याने पूर्ववत होत नाहीत, पण पायांत ताकद आली की त्याच कामाला दम कमी लागतो, म्हणून ते अर्धवट सोडायचं नाही. जिन्यामुळे आठवड्यातून एकदाच सेंटरला, दोनदा घरी.

पाच आठवडे झाले. पॅसेजमध्ये २० मिनिटं चालणं, खुर्चीतून उठबस १० चे २ सेट, हातात एकेक लिटरच्या बाटल्या. दम बोर्गवर (दम किती लागला हे सांगायची ० ते १० ची मोजपट्टी) ४ पर्यंतच जाऊ देतो. सपाटीवर ऑक्सिजन ९१ च्या खाली जात नाही. जिन्यावर मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ८६! बसवलं की दोन मिनिटांत ९३. बोटं चोळून, दुसरा ऑक्सिमीटर लावूनही तेच. शीळ घालताना करतो तसे ओठ करून श्वास सोडत, दर ५ पायऱ्यांना थांबलं तर ८८.

डॉक्टरांची वेळ शुक्रवारी आहे, तोवर जिन्याचा सराव बंद. फिजिओथेरपिस्ट आणि अनुभवी मंडळींना विचारायचंय: घरात एकाच पायरीवर चढउतार करून हे सुधारतं का, आणि किती वेळापासून सुरुवात करावी? ऑक्सिजन लावून सहा मिनिटं चालण्याची चाचणी ठाणे-नवी मुंबईत कुठे होते?