मदत हवी आहे: मुळांवरच्या गाठींतला नायट्रोजन मातीत उतरतो तरी कधी?

मंडळी, नायट्रोजन चक्र समजून घेतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असला तरी त्याच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका पक्का, की झाडांना तो थेट वापरता येत नाही. इथवर ठीक. शेंगवर्गीय पिकांच्या गाठींत रायझोबियम जिवाणू त्याचा अमोनिया करतात. जिवंत गाठ नखाने फोडली की आत गुलाबी-लालसर दिसतं, ते लेगहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन. ऑक्सिजनने नायट्रोजिनेज (नायट्रोजनचा अमोनिया करणारं जिवाणूंचं विकर, म्हणजे एन्झाइम) निकामी होतं, म्हणून हा बंदोबस्त. (आपल्या हिमोग्लोबिनचा हा भाऊबंद, हे भारीच!)

पण हा नायट्रोजन झाड स्वतःच वापरतं ना? मग शेजारच्या पिकाला तो मुळांतून झिरपून लगेच मिळतो, की मुळं-पाला कुजून अमोनियम आणि पुढे नायट्रेट झाल्यावरच? शिवाय दाण्यांसोबत बराचसा निघून जात असणार, मग मातीत उरतो किती? पाणी साचलेल्या जमिनीत नायट्रेटचा पुन्हा वायू होऊन उडतो, ते वेगळंच.

मृदाशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रातलं कुणी असेल तर जरा सविस्तर सांगाल का? नुसती चक्राची आकृती नको, ती पाठ आहे.